चित्राची प्रत कशी मोजावी?



चालकांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'चित्राची प्रत' एवढेच दोन शब्द लिहून पाठविले. 'प्रत' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. मूळ वस्तूची नक्कल ती प्रत आणि मालाचा दर्जा तीही प्रत. आपण वाण्याला तांदूळ कोणत्या प्रतीचा म्हणून विचारतो, आणि तलाठ्याकडे उताऱ्याची प्रत मागतो. आजचा विषय या दोन अर्थांच्या सांध्यावर उभा आहे. चित्राची प्रत काढली, तर ती कोणत्या प्रतीची आहे हे ठरवावयाचे कसे? आणि एकाच चित्राच्या लहानमोठ्या चार प्रती समोर असल्या, तर त्यांतली सरस कोणती हे कोणत्या मापाने सांगावयाचे?

हा प्रश्न यंत्रशास्त्रज्ञांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल. म्हणून प्रथम घरातलीच एक हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात जमिनीचा एक जुना हस्तलिखित कागद होता. तो पेटीत ओलाव्याने कुजून गेला. मागे राहिला तो त्याचा फोटो, तोही एका भाच्याने कधीकाळी मोबाइलवर काढलेला. हा फोटो चार नातेवाइकांच्या हातून फिरला, आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा आकसत गेला. पुढे वाटणीची वेळ आली तेव्हा तो उघडून पाहिला. फोटो दिसावयास उत्तम! कागदाचा पिवळेपणा, शिक्क्याचा जांभळा रंग, सारे जागच्या जागी. फक्त गुंठ्यांच्या रकान्यातला आकडा १ आहे की ९ आहे, एवढेच कळेना. आकड्याचे जे वळण निर्णय करणार, नेमके तेच पुसट झालेले. तळेगाव-चाकणच्या या पट्ट्यात आठ गुंठे म्हणजे काय, हे आम्ही तुम्हांस सांगावयाची गरज नाही. भाऊ-भाऊ तो फोटो मोठा करकरून पाहत बसले. जितका मोठा करावा तितका तो अधिकच धूसर होत गेला.

त्या फोटोला 'चांगला' म्हणावे की 'वाईट'? आमच्या आजच्या भाषणाचा सगळा गाभा या प्रश्नात आहे.

आता चित्र यंत्रात साठविले जाते म्हणजे काय होते, ते पाहू. तळेगावकरांना ते समजावून सांगणे सोपे आहे, कारण या गावाने एक मोठे काम अशाच रीतीने उभे राहिलेले पाहिले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा जमवून पैसा फंड उभा केला, आणि त्या फंडातून १९०८ साली याच गावी काचेचा कारखाना निघाला. एका पैशाला स्वतःची अशी किंमत ती काय? पण असंख्य पैसे एकत्र आले आणि भट्टी पेटली. अंकीय चित्राचेही तसेच आहे. चित्रावर उभ्या-आडव्या रेघांची बारीक जाळी टाकावयाची आणि प्रत्येक घरात किती उजेड आहे तो आकडा लिहून ठेवावयाचा. काळ्यास शून्य, पांढऱ्यास २५५, मधल्या छटांस मधले आकडे. अशा एका घरास 'पिक्सेल' म्हणतात. आपण त्यास बिंदू म्हणू. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रसेल कर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो असा यंत्रात उतरविला. त्याच्या एका बाजूस १७६ बिंदू होते. म्हणजे सबंध चित्र एकतीस हजारांहूनही थोड्या कमी बिंदूंचे. आज खिशातला मोबाइल एका फोटोत एक कोटीहून अधिक बिंदू सहज भरतो. यावरून जाहिरातींनी लोकांच्या मनात एक समजूत पक्की केली आहे की बिंदू जितके जास्त तितके चित्र चांगले.

ही समजूत अर्धी खरी आहे. आपल्या घरच्या भगिनींना ठिपक्यांची रांगोळी ठाऊक आहे. पाच ठिपक्यांवर साधे कमळ निघते. मोर काढावयाचा तर पंधरा-वीस ठिपके मांडावे लागतात. ठिपके कमी असतील तर बारकावा मावत नाही, हे खरेच. पण ठिपके पुष्कळ मांडले आणि काढले तेच पाच ठिपक्यांचे कमळ, ताणून मोठे केलेले, तर जास्त ठिपक्यांचा उपयोग काय? लहान फोटो यंत्राने मोठा केला की नेमके हेच होते. बिंदू वाढतात, माहिती वाढत नाही. म्हणून 'रेझोल्यूशन' या शब्दाचे दोन अर्थ आपण वेगळे ठेवले पाहिजेत. एक, चित्रात बिंदू किती आहेत. दुसरा, शेजारशेजारच्या दोन बारीक रेघा त्यात खरोखर वेगळ्या दिसतात का. पहिला अर्थ खोक्यावर छापलेला असतो. दुसरा तपासून पाहावा लागतो. तो भिंगावर, उजेडावर, हात हलला की नाही यावर आणि मागाहून झालेल्या आकुंचनावर अवलंबून असतो.

बारीक रेघ पकडावयास किती बिंदू लागतात याचा नियमही साधा आहे. एक काळी रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी फट, या जोडीस कमीत कमी दोन बिंदू तरी मिळाले पाहिजेत. त्याहून कमी पडले की रेघ नुसती नाहीशी होत नाही. ती भलत्याच रूपाने प्रकट होते. दूरदर्शनच्या पडद्यावर बारीक चौकडीचा शर्ट घातलेला माणूस हलला की कापडावर लाटा उठताना तुम्ही पाहिल्या असतील. त्या लाटा कापडात नसतात. कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी यांचा मेळ न बसल्याने त्या जन्माला येतात.

या लाटांचा आपल्या मावळाशी जवळचा संबंध आहे. येथून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की चौथे स्थानक मळवली. राजा रविवर्म्याचा मुंबईस १८९४ साली निघालेला शिळाछापखाना १८९९ साली या मळवलीस आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थांकडे गेला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्याचे काम केले होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी लागल्या, त्यांपैकी कितीतरी या छापखान्यातून निघाल्या. त्या छापण्याची रीत अशी, की प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि त्या दगडावर कारागिराने हाताने टिंबे टिंबे देऊन छटा भरावयाची. लक्ष्मीच्या गालावरची गुलाबी झाक लांबून सलग दिसते. भिंग लावून पाहिली तर ती टिंबांचीच असते. म्हणजे बिंदूंनी चित्र करण्याची विद्या संगणकाबरोबर आली नाही. ती मळवलीच्या दगडांवर आधीच नांदत होती.

१९७२ साली त्या छापखान्यास आग लागली आणि फार मोठा ठेवा नष्ट झाला. आता त्या कलेची साक्ष देतात त्या घरोघरी आणि संग्रहांत उरलेल्या छापील तसबिरी, आणि त्याही उन्हाने, कसरीने झिजत चालल्या आहेत. म्हणून लोक त्यांच्या अंकीय प्रती काढून ठेवतात. ही गोष्ट योग्यच आहे. पण येथे आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो. तसबिरीवर कारागिराच्या टिंबांची एक जाळी, आणि स्कॅनरची दुसरी. स्कॅनरची जाळी जाड असेल तर टिंबे एकमेकांत मिसळून गुळगुळीत रंग होतो. पाहणारा म्हणतो, "वा, किती स्वच्छ!" आणि कारागिराचा हात तेवढा नाहीसा झालेला असतो. टिंबांची रचना जेथे नेमकी आहे, तेथे दोन जाळ्यांत थोडाच फरक असला तर लाटा उठतात. स्कॅनरची जाळी पुरेशी बारीक असेल तर टिंबही सुटे दिसते. ज्यास ही तसबीर दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापावयाची आहे, त्यास गुळगुळीत प्रत पुरते. ज्यास ती कशी छापली गेली याचा अभ्यास करावयाचा आहे, त्यास ती प्रत कुचकामी आहे. तसबीर तीच, प्रतही तीच, आणि निकाल दोन.

आता डोळ्याकडे वळू. चित्र अखेर डोळ्यासाठी असते. नेत्रवैद्याकडे भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, तो स्नेलेन या डच वैद्यांनी १८६२ साली प्रचारात आणला. त्यातील हिशेब असा आहे की निरोगी डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे हातातल्या पुस्तकाच्या अंतरावर, एका फुटावर, मिलिमीटरचा सुमारे अकरावा भाग. इंचाच्या हिशेबाने पाहिले तर जवळजवळ ३०० बिंदू. चांगल्या छपाईसाठी आणि मोबाइलच्या पडद्यासाठी इंचाला ३०० हा आकडा वारंवार ऐकू येतो, त्याचे मूळ येथे आहे. तोच डोळा दहा फुटांवर नेला तर इंचाला तीसच बिंदू पुरतात. रस्त्याकडेचा फलक तर शंभर फुटांवरून पाहावयाचा. जवळ जाऊन पाहाल तर त्याचे टिंब तुरीच्या दाण्याएवढे दिसले तरी नवल नाही.

घरात दूरदर्शन संच घ्यावयास निघालेल्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. ४३ इंची संचाचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर १९२० बिंदू रुंदीत असले तर एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा झाला. साधारण १.७ मीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडे बसलेल्या निरोगी डोळ्यास तो सुटा ओळखता येणार नाही. मग चौपट बिंदूंचा महाग संच घेऊन तो दहा फुटांवरून पाहिला, तर त्या जादा बिंदूंची किंमत आपण कोणासाठी मोजली? रंग वा उजेड यांत तो संच सरस असू शकेल. बारकाव्यात त्याचा लाभ त्या अंतरावर मिळणार नाही. सारांश, 'चित्र किती चांगले' हा प्रश्न 'किती अंतरावरून' हे सांगितल्याशिवाय पुराच होत नाही.

तर मग चित्राची प्रत मोजावयाची कशी? सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे माणसांना विचारणे. ठराविक उजेडाच्या खोलीत, ठराविक अंतरावर माणसे बसवावयाची, चित्रे दाखवावयाची, आणि प्रत्येकाकडून पाचांपैकी गुण घ्यावयाचे: उत्कृष्ट, चांगले, बरे, हलके, वाईट. त्यांची सरासरी काढावयाची. दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी अशा परीक्षेची आंतरराष्ट्रीय शिफारस १९७४ साली प्रथम झाली, आणि वेळोवेळी सुधारून ती आजही वापरात आहे. पण या मार्गास वेळ लागतो, पैसा लागतो, आणि रोज निघणाऱ्या कोट्यवधी चित्रांपुढे माणसे बसवावयाची कोठून? म्हणून मोजणारे यंत्र हवे झाले.

यंत्राचे पहिले माप अगदी वाण्याच्या हिशेबाचे आहे. मूळ चित्र आणि प्रत शेजारी ठेवा. एकेका बिंदूच्या आकड्यांतला फरक काढा. त्याचा वर्ग करा. सर्व बिंदूंच्या वर्गांची सरासरी घ्या. ही झाली चूक. मग पूर्ण संकेत या चुकीच्या किती पट आहे ते डेसिबलमध्ये सांगा. प्रमाण दसपट वाढले की दहा डेसिबल वाढतात. आकडा मोठा तितकी प्रत मुळाच्या जवळ. साधारणतः चाळीसच्या वर आकडा गेला की प्रत उत्तम समजतात.

हे माप आपण आपल्या मराठी कागदावर लावून पाहू. ए-फोर आकाराचे छापील पान इंचाला ३०० बिंदूंनी स्कॅन केले की सुमारे ८७ लाख बिंदू होतात. पानावरचा एक अनुस्वार अर्धा मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याच्या वाट्यास सहा बिंदूंची रुंदी, म्हणजे सारे मिळून अठ्ठावीस-एक बिंदू येतात. समजा, प्रतीत बाकी पान जसेच्या तसे उतरले, आणि एवढा एकच अनुस्वार पुसला गेला. आम्ही हिशेब केला. माप म्हणते, ५५ डेसिबल! प्रत अत्युत्कृष्ट. आता दुसरी प्रत घ्या. हिच्यात एकही टिंब हरवलेले नाही. फक्त सबंध पान २५५ पैकी १० पायऱ्यांनी काळवंडले आहे, जसे ढगाळ दिवशी खिडकीत धरावे. हिला तेच माप २८ डेसिबल देते, म्हणजे हलकी. पहिल्या प्रतीत 'वंश' या शब्दाचा 'वश' झाला, 'पंत' गेले आणि 'पत' उरली. ती वरच्या वर्गात पास. दुसरीत अक्षर न् अक्षर शाबूत, ती काठावर. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी आपले कितीतरी अनुस्वार काढून टाकले, पण ते सांगून-सवरून, चर्चा करून काढले. हे यंत्र न सांगता काढते, आणि वर शाबासकी मिळवते.

असे का व्हावे? कारण या मापाने चित्रास पैसा फंड समजले. फंडात प्रत्येक पैशाची किंमत सारखी. एक पैसा कोठे घरंगळला तर एकूण बेरजेस धक्का लागत नाही. चित्रात मात्र प्रत्येक बिंदूची किंमत सारखी नसते. कोऱ्या समासातले हजार बिंदू गेले तरी चालेल. अनुस्वाराचे अठ्ठावीस गेले तर अर्थ जातो.

ही उणीव शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. झोउ वांग, अॅलन बोविक, हमीद शेख आणि एरो सिमोनचेली या चौघांनी २००४ साली दुसरे माप सविस्तर मांडले. त्यांचे म्हणणे असे की डोळा एकेक बिंदू मोजत नाही. तो रचना पाहतो. म्हणून चित्राची लहान लहान चौकट घ्यावी, आणि त्या चौकटीत तीन गोष्टी ताडून पाहाव्या: सरासरी उजेड, उठाव आणि रचना. अगदी तंतोतंत जुळले तर एक गुण. या मापाने आपल्या काळवंडलेल्या पानास न्याय मिळतो, कारण त्यातली रचना अभंग आहे. यांच्यातीलच तिघांनी २००३ साली याची बहुस्तरीय रीत मांडली होती: चित्र निम्मे करा, पुन्हा निम्मे करा, आणि प्रत्येक पायरीवर ताडून पाहा. जवळून पाहणारा आणि लांबून पाहणारा, दोघांचीही थोडी थोडी बाजू तीत येते. पुढे २०१६ साली नेटफ्लिक्स या कंपनीने अशी अनेक मापे एकत्र घेऊन, माणसांनी दिलेल्या गुणांवर यंत्रास शिकवून, चलच्चित्रांसाठी शंभर गुणांचे माप काढले.

ही सर्व प्रगती मोलाची आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मापांतही शेवटी सबंध चित्राची सरासरीच काढली जाते. त्या हिशेबनिसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ज्याने नदीची सरासरी खोली कमरेएवढी काढून मुलांना पाण्यात उतरविले, आणि मग काठावर बसून विचारू लागला की हिशेब बरोबर असता मुले बुडाली कशी. आपली इंद्रायणीही कोठे घोट्याएवढी असते, कोठे तिला डोह असतात. म्हणून जेथे एका खुणेवर अर्थ अवलंबून आहे, तेथे सरासरी गुण विचारू नये. सर्वांत वाईट चौकटीस किती गुण मिळाले ते विचारावे.

कारखान्यातही हाच धडा मिळतो. या भागातल्या एका कारखान्यात, त्याचे नाव आम्ही घेत नाही, रबरी कड्या तपासावयास कॅमेरा बसविला होता. कडी २०० मिलिमीटरची आणि चित्र २००० बिंदू रुंद. म्हणजे एका बिंदूस मिलिमीटरचा दहावा भाग. पडद्यावर चित्र असे झळझळीत दिसे की पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवीत. पण ज्या तड्यामुळे कडी पुढे गळावयाची, तो तडा त्याच्या निम्म्या रुंदीचा. तो त्या चित्रात उमटावयासच जागा नव्हती. माल परत आला तेव्हा सर्वांनी कॅमेऱ्यास दोष दिला. कॅमेरा निर्दोष होता. त्याला काय पाहावयाचे आहे, हे कोणी आधी ठरविलेच नव्हते.

आता वेगवेगळ्या रेझोल्यूशनच्या प्रतींची तुलना, हा विषयातला सर्वांत निसरडा भाग. वरची सर्व मापे बिंदूस बिंदू लावून चालतात. पण मूळ चित्र ४००० बिंदू रुंद आणि प्रत १००० बिंदू रुंद असेल, तर कोणता बिंदू कोणास लावावा? दोन्ही आधी एका आकारास आणावी लागतात, आणि त्यास दोन वाटा आहेत. मोठे चित्र लहान करा, किंवा लहान चित्र मोठे करा. मोठे लहान केले की लहान प्रतीत जे हरवले तेच मुळातूनही नाहीसे होते, आणि प्रतीस पैकीच्या पैकी गुण पडतात. हा झाला विद्यार्थ्याला येते तेवढेच विचारणारा परीक्षक. उलट लहान चित्र मोठे केले की उणीव उघडी पडते खरी, पण मधल्या रिकाम्या जागा कोणत्या रीतीने भरल्या याचेही गुण त्यात मिसळतात. शेजारचा बिंदू तसाच पसरला तर पायऱ्या दिसतात. शेजाऱ्यांची सरासरी भरली तर धूसरपणा येतो.

यातून वाट आहे, पण ती प्रश्नाच्या उत्तरातून निघते. प्रत ठराविक पडद्यावर, ठराविक अंतरावरून पाहावयाची असेल, तर दोन्ही चित्रे त्या पडद्याच्या आकारास आणून तेथे तोलावी. २००४ च्या मापाच्या कर्त्यांनीही चित्र आधी पाहण्याच्या अंतरास साजेसे लहान करून मग मोजावे असे सुचविले आहे. पण प्रत जपणुकीसाठी असेल, मूळ कागद उद्या नाहीसा होईल या भीतीने काढलेली असेल, तर तुलना मुळाच्याच आकारात झाली पाहिजे. तेथे परीक्षकाने दया दाखवू नये. आणि ज्या आकड्यासोबत कोणत्या आकारात, कोणत्या अंतरासाठी, कोणत्या रीतीने मोजले हे लिहिलेले नाही, तो आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर विसंबू नये.

याहून मोठा धोका आता दारात आला आहे. धूसर चित्र धूसर दिसते, ही खरे म्हणजे त्याची सचोटी आहे. मला दिसत नाही असे ते कबूल करते. पण काही यंत्रे न दिसलेले भरून काढतात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती. जागा वाचविण्यासाठी ती सारखे दिसणारे आकार शोधून एकाच्या जागी दुसरा बसवीत. इमारतीच्या एका नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ हा आकडा उमटला. तोही पुसट नव्हे, स्वच्छ आणि ठळक! कंपनीने पुढे यंत्रांत दुरुस्ती केली. आज लहान फोटो मोठा करून देणारी जी शिकलेली यंत्रे निघाली आहेत, ती तर चेहऱ्यावर पापण्या काढतात आणि पाटीवर अक्षरे लिहितात. मूळ चित्रात काय होते यावरून नव्हे, इतर हजारो चित्रांत काय असते यावरून. त्या भावांनी आपला फोटो अशा यंत्रात घातला असता, तर १ किंवा ९ यांपैकी एक आकडा अगदी सुरेख वळणाचा निघाला असता. तो कोणाच्या हिश्श्याचा ठरला असता, हे देव जाणे!

श्रोतेहो, आता आवरते घेतो. पण जाण्यापूर्वी तुमच्या पेट्यांतील कागद आणि भिंतींवरील तसबिरी यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

प्रत काढण्यापूर्वी त्या कागदावरची सर्वांत बारीक अर्थपूर्ण खूण शोधा. मजकुरात ती बहुधा अनुस्वार, रफार किंवा आकड्याचे वळण असेल. तसबिरीत कारागिराचे टिंब असेल. त्या खुणेच्या जाडीस निदान चार-पाच बिंदू मिळतील इतकी बारीक जाळी निवडा. छापील मजकुरास इंचाला ३०० बहुधा पुरतात. बारीक बोरूच्या लिखाणास वा टिंबांच्या तसबिरीस ६०० घ्या. कागदाशेजारी एक मोजपट्टी ठेवून तीही चित्रात येऊ द्या, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणारास आकार कळेल. पहिली प्रत जशी निघाली तशी, आकुंचन न करता, दोन निरनिराळ्या जागी ठेवा. पाठवापाठवीसाठी लहान प्रत वेगळी करा, आणि लहान प्रत आहे म्हणून मोठी कधी पुसू नका. शेवटी, प्रत काढून झाली की सबंध पान दुरून पाहून "छान" म्हणू नका. ती सर्वांत बारीक खूण पडद्यावर मोठी करून मुळाशी ताडून पाहा. ती उतरली असेल तर प्रत चांगली. ती उतरली नसेल तर बाकीचे ८७ लाख बिंदू नुसती शोभा आहेत.

मूळ कागदाचे काय, असे कोणी विचारील. तो टाकू नका. यंत्रात आज जे मावले नाही ते उद्याच्या यंत्रात मावेल, पण त्यासाठी मूळ वस्तू जागेवर असली पाहिजे. मळवलीचा छापखाना जळाला, तेव्हा त्याच्या पुन्हा नव्या प्रती काढण्याची सोय त्याबरोबर जळाली. आपल्या घरच्या पेटीला आग लागलेली नाही. तेथे ओल आहे, वाळवी आहे आणि आपली दिरंगाई आहे. पहिल्या दोहोंवर औषध मिळते. तिसरीवर औषध म्हणून आम्ही एवढेच सुचवितो, की आज घरी गेल्यावर पेटी उघडावी.